कमलिनीचा चेपलेला गंज

ईस्टरच्या जेवणासाठी कमलिनीने जर्मनचा तो जुना, काठाला चेपलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, काढला, तेव्हा आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाड्याची चकचकीत पातेली मिळत होती. तिला नको होती.

कॅम्प-1 वस्तीतल्या आपल्या घरात, याच गंजात तिने अकरा वर्षं मोहाचा सडवा घातला. अर्ध्या वस्तीला दारू पाजली, आणि वस्तीच्या आधी स्वतःच्या नवऱ्याला. तो त्यातच गेला. "तुझ्या हातचं पाणी पण पिणार नाही," असं म्हणून मुलगी मोना सेक्टर 2 मध्ये मावशीकडे गेली, ती तिथूनच लग्न होऊन गेली. आईला अक्षतांनाही बोलावलं नाही.

पुढे एका प्रार्थनासभेत कमलिनी मागच्या ओळीत बसून ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या दिवशी तिने भट्टी फोडली, महिन्याभरात बाप्तिस्मा घेतला. पास्टर म्हणाले, गंजही फोडा. "भांड्यानं काय पाप केलं? पाप मी केलं," म्हणत तिने तो तीन दिवस राखेने घासला. मोनाच्या बारशाचा भात याच गंजात शिजला होता, पण ते पास्टरला सांगायची तिला गरज वाटली नाही.

यंदा चर्चमधल्या मंडळीच्या जेवणाची पाळी तिची होती. तिने मोनाला एवढाच निरोप धाडला, "एकदा येऊन जेव. मग नको येऊस." मोना आली, आणि चप्पल न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसली.

प्रार्थना संपली, ओळ लागली. सगळ्यात पुढे नत्थूभाऊ. मंडळीतले मोठे सज्जन गृहस्थ. जन्मात दारूला शिवलो नाही, अशी साक्ष दर रविवारी देणारे. पुलावाचा वास घेत ते वाकले आणि चटका बसल्यासारखे मागे सरले.

"हा तर भट्टीचा गंज! यातलं कोण खाईल?"

ओळ थबकली. दाराजवळ मोना उठून उभी राहिली. कमलिनीने हातातला डाव खाली ठेवला नाही.

"हौ, तोच हाये," ती म्हणाली. "पण नत्थूभाऊ, हा तर माह्या मागच्या खोलीत राहे. पिणाऱ्याशिवाय तिथं कोणी येत नव्हतं. तुमाले याची चेप कशी ओळखू आली?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. नत्थूभाऊंचं पितळ उघडं पडलं.

"लाजू नका. तुमाले माफी झाली, मले झाली. येशूनं मले धुतलं, गंज मी धुतला. ज्याले खायाचं नाही त्यानं घरी जावं. मी काही झाकण ठेवणार नाही."

कोणी जागचं हललं नाही. मोनाने दारात चप्पल काढली आणि ओळ सोडून सरळ गंजापाशी आली. चेपेवरून तिने बोट फिरवलं.

"वही है ना?"

"हौ."

मोना गंजात वाकली. लहानपणी करायची तसंच नाक ओढून म्हणाली, "खाली खरवड लागली का? मले पाहिजे."

कमलिनीच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात नत्थूभाऊंनी हळूच प्लेट पुढे केली.

"थांबा भाऊ," डोळे न पुसताच ती म्हणाली, "वाढतो तुमाले. पण आधी माही पोरगी."