डावीकडचा फुगवटा

गॅरेजात त्याला सगळे ओळंबा म्हणत, गवंडी भिंतीचा सरळपणा ज्याने तपासतो तो. वाकडं म्हणून काही त्याच्या डोळ्यांना खपायचंच नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरचं चित्र सरळ करायचा, मग पाणी प्यायचा. बायको म्हणायची, "माझं नाक जरा एका अंगाला वळलंय. हा माणूस झोपेत हातोडी घेऊन येईल म्हणून मी तोंडावर पांघरूण घेते." धंदाही त्याने स्वभावाला साजेसाच निवडला होता, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्याचा. त्याने काढलेला पोचा नेमका कुठे होता, हे नंतर गाडीच्या मालकालाही सापडत नसे. आणि हे त्याला स्वतःला पुरेपूर ठाऊक होतं, हीच खरी अडचण होती.

एके दिवशी साठीच्या एक बाई जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, नाकापेक्षा मोती जड म्हणावं इतकं लांब बॉनेट. ती जिथे तयार झाली तो कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि शौकीन लोक आता त्या गाड्या जीव टाकून जपत होते. ओळंब्याने तिच्याभोवती फेरी मारली. असल्या गाड्या कशा व्हायच्या ते त्याने ऐकलं होतं. चित्रकार कागदावर गाडीची एकच बाजू काढायचा, दुसरी तशीच समजून घ्यायची. सुतार त्यावरून लाकडी सांगाडा करायचा. मग पत्रेवाले वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियम ठोकून ठोकून त्या सांगाड्यावर बसवायचे. साचे आणि यंत्रं आली ती पुढे. त्यामुळे चित्र एक असलं तरी डावी बाजू एकाच्या हातची व्हायची आणि उजवी दुसऱ्याच्या.

"खालचा गंजलेला लोखंडी भाग तेवढा बदला, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "डावी बाजू माझ्या बाबांच्या हातची आहे. एवढ्यासाठीच ही गाडी मी शोधून शोधून मिळवली. त्या मडगार्डवरून एकदा हात फिरवून बघा." एवढं बोलून, हसून त्या गेल्या.

आता पत्रेवाल्यांच्या बोलीत हात फिरवणं म्हणजे शेवटची सफाई करणं. ओळंब्याने मडगार्डवर तळवा ठेवला. डावीकडे चाकाच्या वर पत्रा चांगला दोन बोटं जास्त फुगलेला होता. खाली वाकून त्याने आतून पाहिलं. हातोडीचे बारीक, दाट ठोके, सगळे एकाच अंगाला झुकलेले. माणूस डावखुरा, हे त्याने तिथेच ओळखलं. असे ठोके चुकून पडत नाहीत, हेही ओळखलं.

रंगकाम करणारा त्याचा मेव्हणा शेजारीच उभा होता. "भाऊजी, राहू द्या ते. त्या 'बघा' म्हणाल्यात, 'करा' नाही म्हणाल्या."

"अरे, बापाचं काम चुकलं असं लेक तोंडाने कशी म्हणेल? गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखावं लागतं!"

मनातलं त्याने आपलंच ओळखलं होतं. रात्री डोळे मिटले तरी तो फुगवटा दिसायचा. शेवटी त्याने पत्रा तापवला, आतून लोखंडी ठोकळा धरला आणि ठोकत ठोकत डावीकडचं मडगार्ड उजवीकडच्यासारखं करून टाकलं. काम असं सुरेख उतरलं की दिवसभर तो शीळ घालत होता.

बाई आल्या. गंजाच्या कामाकडे त्यांनी पाहिलंही नाही. डावीकडे गेल्या, डोळे मिटले आणि पुढच्या दिव्यापासून मागे मडगार्डवरून तळवा नेऊ लागल्या. मध्येच हात थांबला. त्या पुन्हा दिव्याशी गेल्या. पुन्हा तसंच. मग डोळे उघडून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"चित्रात हा उंचवटा नव्हताच," त्या हळूच म्हणाल्या. "वळताना या बाजूचं चाक घासायचं, म्हणून बाबांनी पत्र्याला जागा करून दिली. साहेब ओरडला, तरी त्यांनी तो ठेवला. घरी फार अभिमानाने सांगायचे."

ओळंब्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलंच नव्हतं.

"तुमचा दोष नाही हो," बाईच पुढे म्हणाल्या. "मीच म्हणाले ना, हात फिरवा म्हणून. तुमच्यात त्याचा अर्थ वेगळा असणार. मला कळायला हवं होतं."

"हो... होतं तसं कधी कधी," ओळंबा बोलून गेला.

मेव्हणा रंगाच्या डब्यात बघत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. बाई पदराने डोळे टिपत स्वतःलाच बोल लावत होत्या आणि ओळंब्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," तो म्हणाला, "बाबा डावखुरे होते ना?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"आतल्या ठोक्यांवरून. ते मुद्दाम केलंय, हेही कळलं होतं. हा माझा मेव्हणासुद्धा नको म्हणाला. तुम्ही काहीच म्हणाला नसतात तरी मी ते केलंच असतं. मला ते वाकडं बघवेना, एवढंच."

बाईंनी मडगार्डच्या कडेखाली हात घातला.

"आणि ते ठोके?" त्यांनी विचारलं. "आतले? ते तरी आहेत ना?"

"नाहीत, ताई. माझे आहेत आता."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग आला. ओळंब्याची मान वर होईना. तो फुगवटा त्याने पुन्हा उठवून दिला असता, अगदी होता तसा, कुणाला फरक कळला नसता. तसं म्हणायला त्याने तोंड उघडलंही, पण त्याला त्या बोलण्याचीच इतकी लाज वाटली की तो तसाच उभा राहिला.