पाहुण्याची गोधडी

कोपर स्टेशनबाहेर गोधड्या शिवणाऱ्या त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. सुई हरवली की त्या सगळीकडे शोधायच्या, आणि ती त्यांच्या अंबाड्यात खोचलेली असायची.

बाबांना कुणा अनोळखी, वारलेल्या माणसाची किडनी मिळाली, त्याला वर्ष झालं. त्या माणसाच्या आठवणीसाठी, मावशींना सगळं सांगून, आईने घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे देऊन गोधडी शिवायला टाकली.

आम्ही तिघं आणायला गेलो, तर एक कोपरा उघडा होता. मावशींनी डब्यातून चतकोर भाकरी काढली. "गोधडी उपाशी ठेवत नसतात. जेंच्यासाठी शिवली, त्यांना काय आवडायचं?"

"आम्हाला त्यांचं नावही माहीत नाही," आई म्हणाली.

"मग विचारा की. हितंच तर हायेत." मावशींनी सुई बाबांच्या पोटाकडे रोखली.

बाबांनी मान खाली घालून खरंच विचारलं. मग गंभीरपणे म्हणाले, "ठेचा म्हणतायत."

आई भडकली. "डॉक्टरांनी तिखट बंद केलंय."

"ते ह्यांचं. पाहुण्याला कसलं पथ्य?" म्हणत मावशींनी भाकरीला ठेचा फासला, ती उघड्या कोपऱ्यात सारली आणि कोपरा शिवून टाकला.

आता दुपारी बाबा तोच कोपरा नाकाशी धरून पडतात. आई थोडा वेळ बघते, मग कोपरा सोडवून घेते.

"पुरे. त्यांना जेवू द्या."