मामू विद्यापीठ बघायला आला तेव्हा

धावणारं पोर दिसलं की मामू त्याची वेळ विचारत नसे, बक्षिसंही विचारत नसे. "किती वेळा पडलीस गो?" हा त्याचा पहिला प्रश्न. मला त्याने तो आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणच्या चढावर विचारला. मी अकरावीत होते, सकाळी चढ पळत होते, आणि हा महाडचा माणूस सिमेंट भरलेला टेम्पो माझ्या बाजूला हळू करून खिडकीतून मान काढून हे विचारतोय! ओळख ना पाळख. मी इतकी हबकले की धावायचीच थांबले.

मामू काही प्रशिक्षक नव्हता. आखातात बारा वर्षं एका क्रीडा क्लबची बस चालवून तो परतला होता. मैदानावरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून थेट विमानतळावर, अशी बरीच जखमी पोरं त्याने स्वतः नेऊन सोडली होती. "जिंकलेल्याला सगळेच जेवू घालतात," तो म्हणायचा, "पडलेल्याला कोण वाढतं ते बघ." पुढे दोन वर्षं तो टेम्पो माझ्या मागे ठेवून मला चढ पळवायचा. बाबा आधी भडकले होते. नंतर तेच मामूसाठी नाचणीची भाकरी बांधून द्यायला लागले.

बारावीनंतर दोन विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी मला बोलावलं. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी चार माणसं घर बघून येतात. विहीर बघतात, गोठा बघतात, त्या घरच्या सुनांच्या अंगावर मांस आहे का तेही हळूच बघतात. मामूने ठरवलं, विद्यापीठही असंच बघायचं. बाबांना आणि मला टेम्पोत बसवून तो निघाला.

पहिलं विद्यापीठ बघून माझे डोळेच दिपले. निळा सिंथेटिक ट्रॅक, भिंतभर फोटो, काचेच्या कपाटात ढाली. संचालक स्वतः फिरवून दाखवत होते. मामूने कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मेसच्या मागच्या दाराने आत शिरला, डाळीत डाव फिरवून आला आणि संचालकांना विचारलं, यंदा तुमच्या किती पोरांचे पाय मोडले आणि ती आता झोपतात कुठे? मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आमच्याकडे कोणी जखमी होत नाही, असं संचालक तुटकपणे म्हणाले. टेम्पोत बसल्यावर मामू बाबांना म्हणाला, "इतकी पोरं धावतात आन् कोणच पडत नाय? मग पडलेली गेली कुठं?"

दुसरीकडे मातीचा ट्रॅक आणि पत्र्याची व्यायामशाळा. पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी बाकावर बसून हातातल्या स्टॉपवॉचवर बाकीच्यांची वेळ घेत होती. तिचं ताट मैत्रीण मेसमधून घेऊन आली. स्पर्धेमुळे बुडालेले पेपर मुलांना पुन्हा देता येतात, हेही विभागप्रमुख मॅडमनी नीट समजावलं. मामूने तिथेच बाबांना सांगितलं, पोरगी हितंच द्या.

मी ऐकलं नाही. निळा ट्रॅक डोळ्यांपुढून हलेना. ह्या टेम्पोवाल्याला काय कळतंय, असं मी बाबांना म्हणाले, तेही मामूच्या देखत. तो रागावला नाही. "पाय तुझा हाय, तू ठरव," एवढंच म्हणाला. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्याच वर्षी, फेब्रुवारीत, माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. आठव्या दिवशी खोली रिकामी करण्याचं पत्र हातात पडलं. माझ्या कॉटवर नवी मुलगी येणार होती. पत्र तीनदा वाचलं तरी खरं वाटेना. काल-परवापर्यंत पाठ थोपटणारे संचालक माझा फोन उचलेनात. मी बाबांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामूचा टेम्पो आला, मागे गादी अंथरलेली. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायची मी वाटभर तयारी करत होते. ते आलंच नाही. आणि टेम्पो पोलादपूरला न जाता त्या दुसऱ्या विद्यापीठात शिरला. मॅडम वसतिगृहाच्या दारात उभ्या होत्या. प्रवेश जूनमध्ये होईल, तोवर इथेच राहून पायाचे व्यायाम कर, म्हणाल्या. खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. मी रडायचीसुद्धा विसरले.

दीड वर्षाने मी पुन्हा धावले. आज त्याच विभागात मी मुलींना शिकवते. मामू गेल्या वर्षी गेला, झोपेतच. मी आणि मॅडम महाडला पोहोचलो तोवर दफन झालं होतं. परतताना मॅडमनी मला सांगितलं, की मी त्या पहिल्या विद्यापीठात दाखल झाले त्याच आठवड्यात मामू त्यांच्याकडे आला होता, आणि नंतरही दर दोन महिन्यांनी येत राहिला, माझ्यासाठी जागा ठेवा म्हणून. मला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्याने त्यांना घातली होती.

मी सुन्नच झाले. म्हणजे मी तिकडे पदकं आणत होते, तेव्हा हा माणूस माझ्या पडण्याची तयारी करत होता? खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा रागच आला. मॅडमना तसं बोलूनही दाखवलं.

"मीही त्याला हेच विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणाला, पोर पडू नये म्हणून रोज दुवा मागतोय. तरी जागा तेवढी ठेवा. पोर नाय आली तर खुशीची मिठाई मीच घेऊन येतो."