डायनोसॉरचं अंडं आणि इतर देणग्या

मीनल, कपाटाची यादी लिहायला घेण्याआधी मला सांग, विश्वास कुणावर ठेवायचा? वस्तूवर, की ती आणून देणाऱ्यावर? इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या माझ्या किराणा दुकानात मसाल्यांशेजारी लोकांनी दिलेल्या अजब वस्तूंचं काचेचं कपाट ठेवलं, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. लायब्ररीत वाचलं होतं, तीनचारशे वर्षांपूर्वी युरोपात औषधं विकणारेसुद्धा शंख, हाडं, दगड जमवायचे आणि देणाऱ्याचं नाव नोंदवायचे. नाव लागतंय म्हटल्यावर लोक काय वाट्टेल ते आणून देत. आजही देतात. गिऱ्हाईक तूरडाळ घेऊन जातं, किस्सा ठेवून जातं.

कॅसल हिलचा आयटीवाला निखिल सापाची अख्खी कात घेऊन आला. "गॅरेजमध्ये सापडली, काका. परफेक्ट पीस."

"आणि साप?"

तो विचार त्याने केलाच नव्हता. पुढे महिनाभर गाडी गॅरेजबाहेर, रस्त्यावर.

पॅरामॅटाच्या एका साहेबांनी शार्कच्या अंड्याचं कवच दिलं, स्क्रूसारखं पिळाचं. चिठ्ठीवर नावाखाली 'सीनियर मॅनेजर' हवं म्हणाले. म्हटलं, "लिहितो की. शार्कचंही डेझिग्नेशन कळवा."

वैशालीने काकाकुव्याचं पीस आणलं. त्या पठ्ठ्याने तिच्या बाल्कनीचा कठडा कुरतडून ठेवला होता. "माझं नाव नको. नुकसान माझं, देणगी त्याची." वहीत तसंच आहे, देणगीदार काकाकुवा.

आता कांबळ्यांचं ऐक. सुनंदाताई बागेत सापडलेला गुळगुळीत दगड घेऊन आल्या. "भाऊ, डायनोसॉरचं अंडं." मी तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी त्यांचे यजमान एकटेच आले. "शेठ, तिची नोकरी सुटल्यापासून ती गप्प गप्प असते. बागेसाठी दगडांची गोणी आणली होती, त्यातला एक मीच गुलाबाखाली पुरला. तिला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी ताई हजर. "भाऊ, गोणीतला दगड मला ओळखता येत नाही होय? पण गुडघे दुखत असताना खड्डा खणला हो त्यांनी. त्यांना सांगू नका."

आता कपाट लायब्ररीत जातंय. यादी भिंतीवर लागणार. एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात देणगीदार. कांबळे दोघंही वाचायला येणार आहेत, नवीन कपडे घालून.

यादी तू लिहिते आहेस. हिशोब चोख ठेव, बाई, पण दोघांची गुपितं सांभाळून. ज्याने जे दिलं, ते त्याच्याच नावावर लिही.