काट्यावरचा आवाज

"आधी त्याचं तोंड बंद कर रं!" काका ओरडायचे आणि ड्रायव्हरचा हात पोचायच्या आत स्वतःच स्पीकरची वायर उपटायचे.

खोपोलीच्या नाक्यावर तुम्ही कधी जीपची वाट पाहत उभे राहिला असाल, तर तुम्हीही हे पाहिलं असेल. मी कॉलेजला जायला तिथूनच जीप पकडायचो. समोर काकांचं दुकान. गाड्यांना टेप आणि ॲम्प्लिफायर बसवायचे. धंदा आवाजाचा आणि कामाची सुरुवात आवाज बंद करून. मला आधी वाटलं, माणूस जरा सरकलेला असावा.

त्यांची पद्धत अशी. स्पीकर काढून त्याच्या जागी वीज मोजायचा काट्याचा मल्टिमीटर लावायचा. टेपमध्ये स्वतःची एक कॅसेट घालायची. तिच्यात गाणं नाही, पेटीचा नुसता एक सूर. भजनी मंडळाची पेटी घरी आणून, काकूंना भाता मारायला बसवून काकांनी तो भरून घेतला होता. मग ॲम्प्लिफायरच्या गेनचा, म्हणजे आवाज वाढवायचा स्क्रू हळूहळू फिरवत न्यायचा आणि मीटरचा काटा ठरलेल्या खुणेवर आला की थांबायचं. त्यापुढे आवाज फाटतो, स्पीकर जळतो. शेवटी स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. ती काकूंनी हौसेने आणलेली. त्यांच्या नखांपेक्षा जीपवाल्यांच्या स्क्रूंनाच जास्त लागली.

"काका, थोडा वाढवा की. वरातीत खंडाळ्यापर्यंत ऐकू गेला पायजे," चौक गावचा जीपवाला म्हणायचा.

"मग खंडाळ्याला जाऊन वाजव. नवऱ्याला ठेव हितंच."

खरी गोष्ट नाक्यावर सगळ्यांना माहीत होती. पूर्वी कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून काकांचे कान गेले होते. मी एकदा बिचकत बिचकत, पण मोठ्याने विचारलं. खेकसले, "मला सगळं ऐकू येतं. तुमी ऐकण्यासारखं बोलता काय?"

काकू वारल्या. काकांनी लवकरच दुकान उघडलं, शिव्याही पूर्वीसारख्याच सुरू झाल्या. फरक एकच. स्क्रू बसला तरी ते कॅसेट बंद करेनात. शेवटपर्यंत चालू द्यायचे आणि काट्याकडे बघत बसायचे. ड्रायव्हर वैतागायचे.

एक दिवस त्याच जीपवाल्याच्या टेपने कॅसेट खाल्ली. शेवटाकडची पट्टी चुरगळून बाहेर आली.

"तेवढा तुकडा कापून टाका, काका," तो म्हणाला. "आधीचा सूर हाय की भरपूर."

आम्ही सणसणीत शिवीची वाट पाहत होतो. काकांनी पट्टी नखाने सरळ केली, चाकात पेन्सिल घालून आत गुंडाळली आणि कॅसेट पुन्हा लावली. मीटर मांडीवर घेतला. काटा बराच वेळ स्थिर राहिला. मग खाली पडला आणि तिथून टुणकन उडाला.

"बोलली," काका म्हणाले. "हितं बोलली ती. हात दुकला माजा, म्हणाली."

"स्पीकर जोडू का?" मी खुणेने विचारलं.

"मला काय करायचाय? दिसतंय ना."

काकाही आता नाहीत. कॅसेट त्या जीपवाल्याकडे आहे. परवा मी पुढच्या सीटवर होतो. त्याने ती लावली, स्पीकर जोडूनच. पेटी संपेचना. मागून कोणी तरी ओरडलं, "मयताला चाललोय काय रं?"

तेवढ्यात सूर थांबला. बाईचा आवाज आला, "झालं का ओ? हात दुकला माजा."

त्यामागोमाग काका खेकसले, "आधी तोंड बंद कर गं, काटा हालला!"

आणि काकू खदखदून हसल्या.