पाळकसाहेबांचे बूट

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सोलापुरात ख्रिस्ती मिशनचा नवा नवा प्रचारक झालो. आवाज असा, की मी गायला लागलो की वैरागचे बैल दावं तोडायचे. त्यावर पाळकसाहेबांनी आपले जुने बूट मला बक्षीस दिले. "प्रभूचं काम करणारा माणूस अनवाणी दिसता कामा नये," म्हणाले. त्यांचा पाय पाच वर्षांच्या पोराएवढा, माझा गव्याचा. घालायला सकाळची अख्खी प्रार्थना जायची, आणि काढायचं तर नावच नको. आठवडा आठवडा मी बुटातच झोपलो. शपथेवर सांगितलं असतं, पण आमच्यात शपथ घेत नाहीत, तेव्हा तसाच विश्वास ठेवा.

मला नेमून दिलेलं गाव अक्कलकोटच्या अंगाला, निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिथं किराणा दुकानदार अण्णांचा शब्द चाले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. अण्णा ऐकायला बसले की गाव बसायचं, अण्णा उठले की गाव घरी.

पहिल्या खेपेला ते स्वतः तांब्या घेऊन पुढं आले. "बर्री, बर्री. या, पाय धुवा, बसा."

मी बुटांकडे पाहिलं. हे काढायचे तर लोहार बोलवावा लागेल! "नको, नको, राहू द्या," म्हणालो. अण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले ते गेलेच. मी दुकानाच्या कट्ट्यासमोर तासभर प्रवचन केलं. श्रोता एक म्हैस. तिनं सगळं रवंथ करून पचवलं. दुसऱ्या खेपेलाही तांब्या आला, मी नको म्हणालो, आणि म्हैससुद्धा फिरकली नाही.

"मी ख्रिस्ती, म्हणून जवळ करत नाहीत," मी पाळकसाहेबांना सांगितलं.

"अजून एक खेप करा. नाही जमलं तर गाव सोडून देऊ, आणि तुम्ही पुन्हा वसतिगृहाच्या कोठीत."

कोठीत! दोन वर्षं ज्वारी निवडत मी तिथं काढली होती. तिथला किडा न् किडा मला ओळखायचा. पुन्हा तिकडं जाण्यापेक्षा मी नाझरेथपर्यंत चालत गेलो असतो.

तिसऱ्या खेपेला सडकेपासून दोन कोस तापल्या उन्हात चाललो. पाय बुटात भाकरीसारखे फुगले. अण्णा गल्ल्यावर बसले होते. तांब्या आला नाही.

"अण्णा, आज पाणी नाही?"

"कशाला? दोनदा नको म्हणालात की. कोसभरावरनं आणलेलं पाणी हुतं ते. आमच्या हातचं चालत न्हाय, असं सरळ म्हणा की!"

मीठ घ्यायला आलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. "लई मोठा साहेब हाय त्यो. बूट काढला तर साहेबपण सांडंल खाली."

माझ्या बापाच्या ओंजळीत लोकांनी जन्मभर उंचावरून पाणी ओतलं, भांड्याला हात लागू नये म्हणून. आणि या माणसाला वाटत होतं, मीच त्याचं पाणी बाटलेलं मानतोय! ते मला टाळतात म्हणून मी रुसलेला, मी त्यांना टाळतो म्हणून ते.

मी धपकन खाली बसलो. "अण्णा, बूट निघत नाहीत हो."

"काय?"

"लहान आहेत. अडकलेत. दुसरं काही नाही."

कट्ट्यावर जमलेली सगळी माणसं हसून फुटली. मीठ घेणारी ती बाई तर मीठ सांडून हसली. अण्णांनी पावशेर करडईचं तेल ओतलं. चौघांनी मला धरलं, चौघांनी बुटाला. पहिला बूट निघाला त्याचा आवाज टेंभुर्णीच्या नाक्यावर ऐकू गेला असेल. दुसरा उडाला तो थेट त्या ओळखीच्या म्हशीवर. पायाला वारा लागला आणि माझ्या तोंडून असं "हालेलुया" निघालं, की तसं मी चर्चमध्येही कधी म्हटलं नव्हतं.

पाहतो तो अण्णा तांब्या घेऊन समोर वाकलेले. माझ्या सोललेल्या पायांवर धार धरली.

मी पाय ओढले. "अहो अण्णा, तुम्ही माझे पाय नाही धुवायचे!"

म्हणालो आणि ध्यानात आलं. हेच वाक्य शिष्य पेत्रानं येशूला म्हटलं होतं. मी जगाच्या उत्पत्तीपासूनचं तीन तासांचं कीर्तन पाठ करून आलो होतो, ते तिथल्या तिथं विसरलो. ओले पाय पसरून तेवढंच सांगितलं: जेवणावरून उठलेला गुरू, कमरेला रुमाल, आणि शिष्यांचे धुळीनं माखलेले पाय. अण्णा बसले. गाव बसलं. म्हैसही आली.

दिवस कलला तेव्हा अण्णांनी विचारलं, "म्हंजे तुमच्या देवानं दुसऱ्याचे पाय धुतले?"

"हो."

"आन् तुमी धुवून घेईनात?"

मी बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधू लागलो.

"पुढच्या आठवड्यात या," अण्णा म्हणाले. "बिनबुटाचे."

सडकेपर्यंत मी बूट गळ्यात अडकवून अनवाणी आलो. खडे टोचत होते, पण इतकं हलकं मी त्यानंतर आजवर चाललेलो नाही. सोलापुरात पाळकसाहेब दारातच उभे होते. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग तोंड.

"कोठी?" त्यांनी विचारलं.

"सुटली," मी म्हणालो, आणि बूट त्यांच्या हातात परत दिले.