वकिलाचा तपास

२०१७ साल. मी तेव्हा साठ वर्षांचा होतो. पेन्शनीत निघून दोन वर्षं झाली होती, तरी पहाटे उठून दाढी करायची सवय सुटली नव्हती. ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. उभी नोकरी मी दुसऱ्याच्या दारात पोलिसांची गाडी घेऊन गेलो. त्या सकाळी ती गाडी माझ्या शेजाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो, लोकांच्या तोंडी मात्र जमादारच. निम्मी नोकरी नांदेड जिल्ह्यात झाली, हिमायतनगर, किनवट, माहूर. घर मात्र लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बांधलं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं.

शेजारी पत्र्याच्या पेट्या करणारा उस्ताद. त्याचा पोरगा वेल्डिंगचं दुकान चालवायचा. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका गोदामाचं कुलूप कुणीतरी गॅस कटरनं कापून आतला माल नेला होता. व्यापारी वजनदार, ठाण्यावर दाब आला. गावात गॅस कटर असलेली दुकानं मोजकी, त्यात हा वयानं लहान. त्यालाच उचलला.

गाडीत बसवताना पोरगा ओरडला, "अब्बा, पाटलाचं गेट आज द्यायचं हाय! रंगाचा दुसरा हात राहिलाय!"

तेवढ्या बोलण्यावर माझी खात्री पटली. मी शेकड्यांनी चोर पकडले आहेत. धरलेला चोर रडतो, पाया पडतो, नाहीतर शिव्या देतो. गिऱ्हाइकाच्या गेटाची काळजी करणारा चोर मला नोकरीत भेटला नाही.

संध्याकाळी उस्ताद माझ्या ओट्यावर येऊन बसला. "दादा, वकील कौनसा करू? जो बी आता, नया नाव सांगता."

त्याच्या मेहुण्यानं आपल्या समाजाचा वकील सांगितला होता. मशिदीजवळच्या डॉक्टरनं लातूरचा मोठा वकील सांगितला. ठाण्यातल्या एका शिपायानं हळूच कानात सांगितलं होतं, "अमक्याला कर, त्याची जजसाहेबाशी बसउठ हाय."

मी म्हणालो, "कुणालाच करू नको. आधी मी तपास करतो."

"काहेका तपास, दादा?"

"वकिलाचा."

त्याही स्थितीत त्याला हसू आलं. पण यात हसण्यासारखं काही नाही. म्हैस घ्यायची तर आपण चार बाजार फिरतो, शिंगं बघतो, धार काढून बघतो. वकील करताना मात्र पाटी बघून आत शिरतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसू लागलो. पांढरा शर्ट, हातात पिशवी. नोकरीत साक्षीला गेलो तेव्हा माझं सगळं लक्ष माझ्या साक्षीत असायचं. आता पहिल्यांदाच नुसता बघत होतो. कोणता वकील पुकारा झाल्यावर धावत येतो, कोण ज्युनिअरला पाठवून तारीख घेतो, कोणाच्या फाइलीला खुणेच्या चिठ्ठ्या आहेत आणि कोणाची फाइल आत्ताच दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे. बाहेर झाडाखाली पक्षकार वकिलाची वाट बघत बसतात, त्यांचं बोलणं ऐकलं. एक म्हातारी म्हणत होती, "तीन वर्सं झाली, आमच्या वकिलाला माझ्या लेकाचं नाव पाठ न्हाई." तिचा वकील म्हणजे उस्तादच्या मेहुण्यानं सांगितलेलाच. त्या वकिलाचं नाव मी डोक्यात खोडून टाकलं.

खरी खबर मात्र आपल्याच माणसाकडून लागली. कोर्ट पैरवीचा एक हवालदार माझ्या हाताखाली तयार झालेला. सरकारी बाजूचे साक्षीदार हजर ठेवणं हेच त्याचं काम, त्यामुळं सगळे उलटतपास त्यानं ऐकलेले. त्याला चहाला घेऊन गेलो आणि एकच प्रश्न टाकला.

"आपली केस असली की समोर कोण उभं राहिलं म्हणजे तुझ्या पोटात गोळा येतो?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "खरं सांगू का जमादार? त्या चौकातल्या बाईची लई भीती वाटती."

"का? लई भांडती?"

"भांडत न्हाई, ओरडतही न्हाई. साक्षीदाराला पाव्हण्यासारखं बोलती. आपला माणूस खुशीत उत्तरं देऊन खाली उतरतो, अन् मग सरकारी वकील डोक्याला हात लावतो."

हीच ती पक्की खबर. पण पक्क्या खबरीवरसुद्धा मी कधी थेट धाड घातली नाही, आधी खातरजमा केली. इथंही उस्तादला घेऊन आधी बाकीच्या दोघांकडं गेलो.

लातूरच्या वकिलानं बसायला सांगितलं नाही. फोनवर बोलता बोलता म्हणाला, "सुटला म्हणून समजा. जामिनाचं उद्याच करून टाकू."

"कागद बघता का, साहेब?"

"कागदाला काय होतंय?"

मी उस्तादला कोपरानं ढोसलं आणि उठलो. कागद न बघता सुटका सांगणारा माणूस आणि नाडी न बघता इंजेक्शन देणारा माणूस, दोघंही मला चालत नाहीत.

साहेबाशी बसउठ असलेला वकील गोड होता. चहा पाजला. म्हणाला, "काका, पहिला गुन्हा आहे. कबूल करून टाकू, साहेबाशी बोलून शिक्षा हलकी बघू. उगं वर्षानुवर्षं चकरा कशाला?"

उस्तादनं मान डोलावली. त्या चकरांनाच तो भ्याला होता. मी त्याला बाहेर आणला आणि भर रस्त्यात झापला.

"उस्ताद, मान काय डोलावतो? कबूल केलं की शिक्षा लागली, शिक्षा लागली की नाव ठाण्याच्या रेकॉर्डला चढलं. मग गावात कुठंबी कुलूप तुटू दे, पहिली गाडी तुझ्या दारात. ईदला, लग्नाला, मयताला. मी स्वतः काढल्यात असल्या गाड्या. मला विचार!"

उस्ताद खाली बघून म्हणाला, "उसका निकाह ठहरा है, दादा. लडकीवाले रोज पूछ रहे."

म्हणजे डाव मोठा होता. पोरगा निर्दोष सुटला तरच त्याचं आयुष्य पुढं सरकणार होतं. नुसतं जेलबाहेर येऊन भागणार नव्हतं.

मग त्या बाईकडं गेलो. वय चाळिशीचं, घरातच पुढच्या खोलीत ऑफिस, दारात चपलांची रांग. मी छाती काढून माझा हुद्दा सांगितला आणि प्रकरण सुरू केलं. तिनं मला मधेच थांबवलं.

"काका, आरोपी तुम्ही का?"

"न्हाई, शेजाऱ्याचा पोरगा."

"मग तुम्ही बाहेर बसा. वडिलांना बोलू द्या."

मी, जमादार, बाहेर चपलांजवळ! कान तापले माझे. उठून जाणार होतो. पण मीसुद्धा चौकशीत आधी आगाऊ माणसालाच बाहेर काढायचो. ते आठवलं आणि गप बसलो.

अर्ध्या तासानं तिनं आत बोलावलं. मी आल्या आल्या विचारलं, "सुटंल का पोरगा?"

"माहीत नाही. आधी त्याला भेटते, कागद वाचते. मग सांगते घ्यायची की नाही."

मी उस्तादला तिथंच म्हणालो, "हिलाच कर."

पोराला भेटून आल्यावर तिनं वकीलपत्र घेतलं. जामीन झाला, पण पोरगा पार उतरला होता. दुकानात जायला ठाण्यावरून सरळ रस्ता होता, तो सोडून पोरगा रेल्वे फाटकाकडून लांबून जाऊ लागला. मी विचारलं तर म्हणाला, "चाचा, उस रस्तेपर पाँव नै उठता."

दोषारोपपत्र आलं तेव्हा तिनं मला बोलावलं. सगळी केस एका पंचनाम्यावर उभी होती. त्यात लिहिलं होतं की पोराच्या दुकानात झडती घेतली आणि गोदामाचं कापलेलं कुलूप दोन पंचांसमक्ष जप्त केलं. पोरगा सांगत होता की पोलीस आले, कटर उचलून गेले, कुलूपबिलूप काही सापडलं नाही आणि पंच तर कुणीच नव्हता.

पंचाचं नाव वाचून मी हसलो. "हा तर ठाण्यासमोरचा पानटपरीवाला. दर केसला हाच पंच."

"मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "रोज त्याच्या टपरीवरूनच कोर्टात जाते. त्या दिवशी तो गावात होता का, तेवढं बघा. पण काका, विचारायचं नाही. नुसतं बघायचं."

गावातला वकील का करावा ते मला त्या दिवशी कळलं. लातूरच्या वकिलाला तो पंच म्हणजे कागदावरचं एक नाव. हिला तो कोणत्या हातानं चुना लावतो तेही माहीत होतं.

मी रोज त्या टपरीवर पान खायला जाऊ लागलो. गडी स्वभावानं वाईट नव्हता, पण बढाईखोर. चार-सहा दिवसांनी त्यानं स्वतःच वरच्या फ्रेमकडं बोट केलं.

"बघितला का फोटू, जमादारसाहेब? भाच्याचं जावळ!"

तो स्वतः मांडी घालून बसलेला, मांडीवर रडणारं लेकरू, बाजूला वस्तरा घेतलेला न्हावी. खाली लाल अक्षरांत छापलेलं, श्री दत्तजयंती, माहूर. आणि साल.

मी पान तोंडात घातलं. माहूरला मी दत्तजयंतीचे कितीतरी बंदोबस्त केले आहेत. त्या दिवशी एवढ्या लांब, त्या गर्दीत गडावर गेलेला माणूस त्याच दिवशी आमच्या गावात पंच म्हणून उभा राहू शकत नाही. आता सवाल एकच, ती दत्तजयंती कोणत्या तारखेची? घरी येऊन भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढली. पंचनाम्याचीच तारीख!

आपल्या लोकांची ही खोड आहे. सरकारी कागद तारखेनं चालतो, घरचं कार्य तिथीनं. माहूरहून परत आल्यावर ठाण्यात बसून सही करताना त्यानं तारीख बघितलीही नसंल. आणि बघितली असती, तरी ती दत्तजयंतीच हे त्याच्या ध्यानात आलं नसतं. तो फोटो ठाण्याच्या बरोबर समोर टांगलेला. सगळं ठाणं त्याच्याखाली उभं राहून पान खायचं.

मी पळत बाईकडं गेलो. "फोटो काढून आणतो मोबाइलवर, जजसाहेबाच्या टेबलावर आपटतो!"

"बसा, काका. आज दाखवला तर उद्या फ्रेम उतरेल. मग तो म्हणेल, फोटोवर चुकीचं छापलंय. फोटो राहू द्या. तो स्वतःच्या तोंडानं सांगेल."

दोन वर्षं मी ते गुपित पोटात ठेवलं. दर दोन दिवसांनी पान खाऊन फ्रेम जागेवर आहे का बघून यायचो. माझे दात पार रंगले. मधे एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून टोमणा मारला, "काय जमादार, पेन्शन सरकारची अन् काम आरोपीचं?" मी म्हणालो, "मी पंचाला जागेवर नेल्याशिवाय कधी पंचनामा लिहिला न्हाई. तू लिहिला असशील तर तुला राग येणारच." फोन बंद झाला.

साक्षीचा दिवस आला. दुसरा पंच गाव सोडून गेलेला, त्याला समन्सच लागलं नव्हतं. टपरीवाला इस्त्रीचे कपडे घालून उभा राहिला आणि सरकारी वकिलापुढं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. सकाळी दुकानात गेलो, कुलूप निघालं, सही केली.

बाई उठली, आवाज अगदी घरच्यासारखा. "टपरी रोज उघडता?"

"रोज. घरचं कार्य असलं तरच बंद."

"भाच्याचं जावळ झालं म्हणे?"

सरकारी वकील अर्धे उठले, "याचा इथं काय संबंध?" न्यायाधीश म्हणाले, "एक-दोन प्रश्न विचारू द्या."

"झालं की! माहूरला, थाटात."

"त्याला धाकट्या मामानं मांडीवर घेतलं असेल. तुम्ही इथं कामात होता ना?"

गडी दुखावला. मामाचा मान काढून घेतला होता तिनं. "धाकटा कोण? मी एकलाच मामा हाय! माझ्या मांडीवर बसल्याबिगर त्याच्या डोक्याला वस्तरा लागंल का?"

"बरोबर आहे. आणि दिवस कोणता धरला होता?"

"दत्तजयंती! मुद्दाम धरला. आदल्या दिवशीच गडावर मुक्कामाला गेलो आम्ही."

"कोणत्या वर्षीची?"

त्यानं वर्षही सांगितलं. बाईनं दिनदर्शिका न्यायाधीशांपुढं ठेवली, पंचनामा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "माझे प्रश्न संपले."

टपरीवाल्याला अजून काही कळलं नव्हतं. तो भाच्याच्या आठवणीत हसत उभा होता. मग त्यानं तपासी अंमलदाराचा चेहरा बघितला, आणि हळूहळू त्याचं हसू गेलं. पैरवीचा हवालदार मागून माझ्याकडं बघत होता. म्हटलं होतं का न्हाई, असं त्याचं तोंड सांगत होतं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी पंचनाम्यावर कडक शब्दांत लिहिलं आणि पोराला निर्दोष सोडलं. उस्ताद कोर्टाच्या पायरीवर बसून रडला. बाईनं फाइल बांधली आणि पुढच्या केसला निघून गेली. मी तिला कडक सलाम ठोकला. ती हसली. "काका, आता पान कमी करा."

नोकरीत मला वाटायचं की आरोपीचा वकील म्हणजे आपल्या कामात खोडा घालणारा माणूस. या केसनं मला शिकवलं की चांगला वकील आपल्याच तपासाची तपासणी करतो, आणि खऱ्या तपासाला तिची भीती नसते. ज्याच्यावर वेळ येईल त्याला एवढंच सांगतो. पाटी बघू नका, जात बघू नका, कोण साहेबाच्या ओळखीचा ते तर मुळीच बघू नका. एक दिवस कोर्टात मागं जाऊन बसा. कागद वाचणारा बघा, "माहीत नाही" म्हणायला न लाजणारा बघा. आणि ज्याला पोलीस भितात पण शिव्या देत नाहीत, त्याचं दार वाजवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि पोराला हाक मारली. "चल, पान खायला."

तो सवयीनं फाटकाकडं वळला. मी त्याचा दंड धरून सरळ रस्त्याला लावला. ठाण्याच्या गेटावरून आम्ही दोघं सावकाश गेलो. पहाऱ्यावरच्या शिपायानं बघितलं आणि मान फिरवली. टपरीवाला मला बघून पांढरा पडला.

फ्रेम जागेवरच होती. काहीही झालं तरी मामा तो मामाच.

"दोन पानं लाव," मी म्हणालो. "आणि फोटो जरा वाकडा झालाय, सरळ कर."

पोरगाच पुढं झाला. त्यानं हात वर करून फ्रेम सरळ केली, आणि ठाण्याकडं तोंड करून पान खाल्लं.